मोड वेगळा, कमांड वेगळी

बेळगावात शिवजयंती तिथीनं, वैशाखात होते आणि तिच्या मागोमाग चित्ररथांची मिरवणूक निघते. त्याआधीचे पंधरा दिवस आमच्या फ्लेक्सच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. अशाच गर्दीत शहापूरचा एक पोरगा मोबाईल पुढं करत म्हणाला, "मामा, हे बघा की वो. रिलॅक्स मोड लाव म्हणून लिहिलंय, तरी फास्टचे तास संपालेत. आणि मावळे असे का आलेत?"

बघितलं. तो मिडजर्नीवर, म्हणजे लिहिलेल्या वर्णनावरून चित्र काढून देणाऱ्या एआय यंत्रावर, चित्र काढत होता. गडाच्या सदरेवर मावळे लोडाला टेकून, पाय पसरून निवांत बसले होते. पोरानं 'रिलॅक्स' हा शब्द चित्राच्या वर्णनातच लिहिला होता. यंत्रानं तो वर्णन म्हणूनच घेतला आणि मावळ्यांना आराम दिला. त्यात यंत्राचं काही चुकलं नाही.

हा घोटाळा मी इतक्यांदा बघितलाय की आता सरळ लिहूनच टाकतो. उदाहरण मिडजर्नीचं घेतो, कारण मोड आणि कमांड दोन्ही तिथं उघड दिसतात. २०२२ च्या जुलैत ते सगळ्यांना खुलं झालं तेव्हा सारा कारभार डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर होता, आणि तिथं प्रत्येक काम तिरक्या रेघेनं, म्हणजे स्लॅशनं सुरू व्हायचं.

कमांड म्हणजे एकदा सांगितलेलं एक काम. 'स्लॅश इमॅजिन' लिहून पुढं वर्णन दिलं की चार चित्रं येतात आणि ती कमांड तिथंच संपते. 'स्लॅश डिस्क्राइब'चं काम उलटं. तुम्ही चित्र द्यायचं, ते त्याची चार वर्णनं लिहून देतं. 'स्लॅश ब्लेंड' दोन ते पाच चित्रं एकत्र घोळून देतं.

मोड स्वतः एकही चित्र काढत नाही. तो लावला की लागलेला राहतो आणि त्यानंतरच्या प्रत्येक कमांडचं वागणं बदलतो. वडगावच्या मागावर वाढलेल्यांना हे लगेच कळेल. ताणा, म्हणजे उभे धागे, एकदा चढवला की त्याच्यावर कितीतरी साड्या निघतात. आडवा धागा नेणारा धोटा मात्र दर खेपेला फेकावा लागतो. ताणा बदलला नाही तर धोटा कितीही फेका, साडी त्याच रंगाच्या ताण्यावर निघणार.

मग गोंधळ होतो कुठं? मोड लावायलाही कमांडच द्यावी लागते, तिथं. 'स्लॅश रिलॅक्स' ही कमांड आहे, पण ती जे करून जाते तो मोड. 'स्लॅश फास्ट' आणि 'स्लॅश स्टेल्थ'चं तसंच. एकाच तिरक्या रेघेनं सुरू होणाऱ्या शब्दांत काही काम करून निघून जातात आणि काही घरात बिऱ्हाड करून बसतात. दिसायला दोन्ही सारखेच.

त्यात भर म्हणून तिसरा भिडू आहे, वर्णनाच्या शेवटी दोन आडव्या रेघा देऊन लिहायचा पॅरामीटर. 'डॅश डॅश रिलॅक्स' लिहिलंत तर तेवढं एकच काम रिलॅक्समध्ये होतं. पुढचं पुन्हा आधीच्याच मोडमध्ये. पोराला हवं होतं ते एरवी असं दोन तऱ्हांनी मिळतं. त्यानं तिसरीच काढली.

पैशाचा हिशेबही इथंच आहे. फास्ट मोडमध्ये चार चित्रांच्या एका खेपेला साधारण एक मिनिट यंत्राचा वेळ खर्च होतो. सगळ्यात स्वस्त प्लॅनमध्ये महिन्याला अंदाजे २०० मिनिटं मिळतात, त्याच्या वरच्यात १५ तास. टर्बो मोड झटपट देतो, पण मिनिटं दुप्पट खातो. रिलॅक्समध्ये तास कापले जात नाहीत, रांगेत थांबावं लागतं, आणि स्वस्त प्लॅनला तो मिळतच नाही. पोराचा प्लॅन तोच निघाला, म्हणजे 'स्लॅश रिलॅक्स' बरोबर लिहूनही उपयोग झाला नसता. त्याचं तोंड पडलं, मी त्याला चहा दिला. २०२५ मध्ये सातव्या आवृत्तीसोबत ड्राफ्ट मोड आला. तो निम्म्या खर्चात कच्ची चित्रं भराभर काढतो. गिऱ्हाईक समोर उभं राहून "हे नको, ते दाखवा" करत असतं तेव्हा मी तोच लावतो.

रीमिक्स मोडवरून फरक सगळ्यात स्वच्छ कळतो. चार चित्रांच्या खाली व्ही अक्षराची बटणं असतात, त्या चित्रासारखीच आणखी चार काढायला. रीमिक्स बंद असेल तर बटण दाबल्यावर थेट काम सुरू होतं. चालू असेल तर तेच बटण आधी एक चौकट उघडतं आणि वर्णन बदलायचंय का विचारतं. बटण तेच आणि दाबणारं बोटही तेच, निकाल मात्र वेगळा. "काल चालत होतं, आज का चालेना" अशी तक्रार आली की मी आधी मोड बघतो. 'स्लॅश इन्फो' लिहिलं तर वेगाचा कुठला मोड लागलाय, किती वेळ शिल्लक आहे ते कळतं. रीमिक्स वगैरे 'स्लॅश सेटिंग्ज'मध्ये दिसतात.

मीही यात फसलोय. एका वर्षी कमानीच्या खांबांसाठी उभी चित्रं हवी होती. दरवेळी माप लिहायचा कंटाळा, म्हणून 'प्रेफर सफिक्स' ही कमांड देऊन उभं माप कायमचं जोडून ठेवलं. ही कमांड दिलेली शेपटी आपल्या प्रत्येक वर्णनाला आपोआप चिकटवते, म्हणजे नावाला कमांड आणि वागायला मोड. कमान झाली, मी विसरलो. पुढच्या आठवड्यात खानापूरच्या एका लग्नाचा आडवा पडदा काढायला घेतला, तर नवरा-नवरी खांबात चिणल्यासारखे येऊ लागले. तासभर वर्णनाशीच भांडत होतो. तीच कमांड पुढं काहीही न लिहिता पुन्हा दिली की शेपटी गळते, हे नंतर कळलं.

स्टेल्थ मोडबद्दल मंडळवाल्यांना मुद्दाम सांगतो. आपल्याकडं चित्ररथाचा विषय मिरवणुकीच्या रात्रीपर्यंत गुपित ठेवायची रीत आहे. शेजारच्या गल्लीला कळला तर भांडणं. मिडजर्नीवर मात्र काढलेलं चित्र मुळात सगळ्यांना दिसतं. ते झाकायचा स्टेल्थ मोड फक्त प्रो आणि मेगा या महागड्या प्लॅनवर मिळतो. आणि तो लावूनही तुम्ही डिस्कॉर्डच्या सार्वजनिक खोलीत बसून चित्र काढलं तर तिथल्या सगळ्यांना ते दिसणारच. मोड लावला म्हणजे चावडीवर बोललेलं गुपित राहत नाही.

'नको' हा शब्दही असाच चुकीच्या जागी जातो. वर्णनात "माणसं नकोत" लिहिलं की बहुतेकदा माणसंच येतात, कारण यंत्र 'माणसं' हा शब्द पकडतं. त्यासाठी शेवटी 'डॅश डॅश नो' लिहून पुढं नको त्या वस्तूचं नाव द्यायचं. हा पॅरामीटर आहे, त्या एका कामापुरताच. पुढच्या वर्णनात पुन्हा लिहावा लागतो.

आता वेबसाइटवर स्लॅश लिहावाच लागत नाही. वरच्या चौकटीत वर्णन टाकायचं, बाजूच्या खुणेवर दाबून मोड निवडायचे. सोपं झालंय, पण चूक दिसेनाशी झालीय. डिस्कॉर्डवर निदान आपण काय लिहिलं ते वर सरकवून बघता यायचं. इथं कुठली तरी पट्टी परवा सरकवलेली असते आणि आज तिचा राग वर्णनावर निघतो.

पोरगा उठता उठता म्हणाला, "आणि मामा, वर मंडळाचं नाव टाकायचंय. मराठी मोड कुठं असतंय?"

तेवढ्यात मागं उभ्या असलेल्या किराणा दुकानदारानंही विचारलं, "आणि कन्नडचं? माझ्या पाटीवर साठ टक्के कन्नड पाहिजे म्हणालेत." कर्नाटकच्या पाट्यांबद्दलच्या २०२४ च्या कायद्यापासून हा प्रश्न आमच्याकडं रोज येतो.

दोघांनाही सांगितलं, असला मोड नाही आणि कमांडही नाही. यंत्रानं काढलेली देवनागरी लांबून मराठी वाटते, जवळ गेलं की वाचता येत नाही. अक्षरं आम्ही कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवतो. मराठी मी बघतो, कन्नडला आमचा चिकोडीचा पोरगा आहे. तो चारनंतर येतो.