दुसऱ्या कंपनीची रॅम लॅपटॉप बिघडवते का?

लॅपटॉपची रॅम, म्हणजे चालू काम तात्पुरतं साठवणारी मेमरी, वाढवायची म्हटलं की एक सल्ला हमखास मिळतो: लॅपटॉप ज्या कंपनीचा, रॅमही तिचीच घ्या, नाहीतर मदरबोर्ड (लॅपटॉपचे सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी) जळेल. गंमत अशी की लॅपटॉप विकणाऱ्या बहुतेक कंपन्या रॅमच्या चिप स्वतः बनवतच नाहीत. जगातल्या बहुतांश चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडून येतात. तथाकथित ‘ओरिजिनल’ रॅमच्या चिपवर बहुधा यांच्यापैकीच कोणाचा तरी शिक्का असतो.

पिना किती, व्होल्टेज किती, हे नियम जेडेक ही संस्था ठरवते. रॅमच्या पिढ्यांना डीडीआर-३, ४, ५ अशी नावं आहेत. लॅपटॉपच्या डीडीआर-४ रॅमला २६० पिना आणि १.२ व्होल्ट, डीडीआर-५ ला २६२ पिना आणि १.१ व्होल्ट. मधली खाचही वेगळ्या जागी, त्यामुळे चुकीच्या पिढीची रॅम स्लॉटमध्ये बसतच नाही. दांडगाई केली तर स्लॉट मोडेल, ते वेगळं. जुन्या डीडीआर-३ मध्ये मात्र एक मेख आहे: १.५ व्होल्टची साधी रॅम आणि १.३५ व्होल्टवर चालणारी ‘३एल’ दिसायला सारख्याच. पण तिथे व्होल्टेज मदरबोर्ड पुरवतो. १.३५ वाल्या लॅपटॉपमध्ये १.५ वाली टाकली तर तिला वीज कमी पडते आणि लॅपटॉप बहुधा सुरूच होत नाही. जळण्याचा प्रश्न येत नाही.

रॅमवर एक छोटी चिपही असते, तिच्यात रॅमची क्षमता, वेग वगैरे माहिती लिहिलेली असते. लॅपटॉप सुरू होताना ती वाचतो. दोन रॅमचे वेग वेगळे असले तर दोन्ही कमी वेगाने चालतात. अजिबातच जमलं नाही तर स्क्रीन काळी राहते. जुनी रॅम परत लावा, गाडी रुळावर.

मग नुकसान होतं कुठे? एक तर बसवताना. बोटाला स्थिर विजेचा झटका जाणवतो तो साधारण ३००० व्होल्टला. चिप त्याहून कितीतरी कमी व्होल्टला दगावू शकते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. शिवाय झाकण मिटलं म्हणजे लॅपटॉप बंद झाला असं नाही. रॅमचा प्रत्येक कप्पा म्हणजे एक इवलासा कपॅसिटर, त्यातला विद्युतभार सतत गळत असतो, म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. स्लीप मोडमध्येही हे चालूच, म्हणजे स्लॉटमध्ये वीज खेळतेच आहे. लॅपटॉप पूर्ण शटडाउन करून, चार्जर काढून, बॅटरीची जोडणी सोडवल्याशिवाय रॅमला हात लावू नये.

दुसरं नुकसान मला जास्त धोक्याचं वाटतं, कारण ते गुपचूप होतं. रॅममध्ये एखादाच कप्पा सदोष असला तरी लॅपटॉप महिनोन्‌महिने झकास चालू शकतो. मजकुरात लिहिलेला इंग्रजी 1 हा अंक संगणक साठवतो तो ००११०००१ असा आणि 9 साठवतो ००१११००१ असा. फरक एकाच बिटाचा, म्हणजे एकाच ०-१ च्या जागेचा! तेवढा एक बिट उलटला तर हिशेबातले १००० होतात ९०००. फाइल तशीच सेव्ह होते, बॅकअपमध्येही तशीच जाते. लॅपटॉप हँग झाला किंवा निळी स्क्रीन आली तर निदान संशय तरी येतो, इथे तोही नाही.

सदोष रॅम कुठल्याही कंपनीची निघू शकते, लॅपटॉपबरोबर आलेलीसुद्धा. त्यामुळे लेबलापेक्षा चाचणीवर भरवसा ठेवावा. मेमटेस्ट८६+ हा मोफत प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून सुरू होतो, रॅमभर ठरावीक नमुने लिहितो आणि तेच परत वाचता येतात का ते पाहतो. रात्रभर चालू ठेवावा. एक जरी चूक दिसली तरी ‘एवढं चालायचंच’ म्हणून सोडू नये. प्रत्येक रॅम एकेकटी, दोन्ही स्लॉटमध्ये आलटून पालटून तपासावी, कारण कधीकधी दोष रॅममध्ये नसून स्लॉटमध्ये असतो.

आणि हो, खरेदीआधी आपल्या लॅपटॉपला स्लॉट आहे का ते बघा. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. तिथे बाहेरची काय नि कंपनीची काय, कुठलीच बसत नाही.