प्रोग्राम बिघडलाय की त्याची प्रोफाइल?

वळवाचा पाऊस सुरू झाला की कोकणात लाइट जायला-यायला लागते. देवगडला आंब्याच्या पेट्यांची बिलं करणारे, तारकर्लीला पर्यटकांच्या खोल्यांचा हिशेब ठेवणारे, रत्नागिरीत झेरॉक्सच्या दुकानात अर्ज टाइप करून देणारे, या सगळ्यांकडून त्या दिवसांत एकच तक्रार ऐकू येते: "काल लाइट गेली, तेव्हापासून ता उघडतच नाय. परत परत नवीन टाकलंय, तरी तसाच." आयकॉनवर डबल क्लिक केलं की क्षणभर काहीतरी चमकतं आणि नाहीसं होतं. कधी एखादी चौकट येते, कधी तीही नाही.

या तक्रारीतले दोन तपशील फार मोलाचे आहेत. एक, बिघाड लाइट गेल्यानंतरचा आहे. दुसरा, प्रोग्राम नव्याने टाकूनही फरक पडलेला नाही. एवढ्यावरून मी आधी प्रोफाइलवर संशय घेतो, प्रोग्रामवर नाही. बाहेरून हे दोन्ही बिघाड सारखेच दिसतात, म्हणून लोक त्यांची गल्लत करतात. उपाय मात्र पूर्ण वेगळे आहेत, आणि चुकीचा उपाय केला तर वेळ तर जातोच, कधीकधी वर्षांचा डेटाही जातो.

प्रोग्राम म्हणजे इन्स्टॉल करताना डिस्कवर येणाऱ्या फाइली. विंडोजमध्ये त्या बहुधा 'प्रोग्राम फाइल्स' या फोल्डरात असतात: मुख्य ईएक्सई (प्रोग्राम चालू करणारी फाइल), तिला लागणाऱ्या डीएलएल (मदतनीस फाइली), चित्रं, भाषेच्या फाइली. तुमच्या कॉम्प्युटरवरच्या आणि शेजाऱ्याच्या कॉम्प्युटरवरच्या या फाइली, आवृत्ती एकच असेल तर, सारख्याच असतात. प्रोफाइल म्हणजे त्या प्रोग्रामने तुमच्याबद्दल लिहून ठेवलेलं सगळं: कोणता फॉन्ट, कोणता प्रिंटर, शेवटी उघडलेल्या फाइलींची यादी, तुम्ही घातलेले एक्स्टेंशन (वरून जोडलेल्या सोयी), शब्दकोशात भरलेले शब्द. हे राहतं तुमच्या युजरच्या फोल्डरात, 'ॲपडेटा' नावाच्या लपवलेल्या फोल्डरामध्ये. त्यात 'रोमिंग' आणि 'लोकल' असे दोन मुख्य कप्पे असतात.

प्रोग्राम अनइन्स्टॉल केला की पहिल्या ठिकाणच्या फाइली जातात, दुसऱ्या ठिकाणच्या बहुतेक वेळा जागच्या जागी राहतात. हे मुद्दाम केलेलं असतं, कारण नवी आवृत्ती टाकल्यावर तुमची मांडणी तुम्हाला परत मिळावी. पण तीच मांडणी बिघडलेली असेल, तर नवाकोरा प्रोग्राम उघडताक्षणी ती वाचतो आणि पुन्हा कोसळतो. विहिरीवर नवा पंप बसवला म्हणून टाकीतला गाळ जात नाही.

लाइट आणि प्रोफाइल यांचा संबंध काय, हे समजून घेण्यासारखं आहे. प्रोग्रामच्या फाइली रोज फक्त वाचल्या जातात. त्यांच्यावर लिहिलं जातं ते इन्स्टॉल किंवा अपडेट करताना. प्रोफाइलमधल्या फाइलींवर मात्र सारखं लिहिणं चालू असतं, विशेषतः खिडकी बंद करताना आणि एखादं सेटिंग बदलताना. अचानक लाइट गेली तर घाव पडतो तो त्या घडीला लिहिल्या जात असलेल्या फाइलीवर. विंडोजची एनटीएफएस ही फाइलपद्धत फाइलींच्या नोंदी सांभाळण्यासाठी जर्नल, म्हणजे बदलांची वही, ठेवते, पण फाइलीच्या आतल्या मजकुराची हमी देत नाही. म्हणून लाइट आल्यावर फाइल जागेवर दिसते, आकारही बरोबर दिसतो, पण आत मजकुराऐवजी नुसते शून्य किमतीचे बाइट भरलेले असतात. काही प्रोग्राम आधी तात्पुरत्या फाइलीत लिहितात आणि मग तिचं नाव बदलतात, त्यांना हा धोका कमी. सगळे इतकी काळजी घेत नाहीत.

छोट्या दुकानांत चालणारे बिलिंगचे अनेक प्रोग्राम डॉटनेटवर, म्हणजे प्रोग्राम बनवायच्या मायक्रोसॉफ्टच्या साधनावर, बनवलेले असतात. त्यांतले बरेचसे सेटिंग्ज 'युजर डॉट कॉन्फिग' या फाइलीत ठेवतात, ॲपडेटाच्या 'लोकल' कप्प्यात, बनवणाऱ्याच्या नावाच्या फोल्डरात. ही एक्सएमएल, म्हणजे ठरावीक खुणांच्या चौकटीत लिहिलेली मजकुराची फाइल असते. ती अर्धवट लिहिली गेली किंवा शून्य बाइटांनी भरली की प्रोग्राम उघडण्याआधीच मरतो. अशा वेळी विंडोजच्या नोंदींमध्ये 'कॉन्फिगरेशन सिस्टिम फेल्ड टु इनिशिअलाइज' किंवा 'रूट एलिमेंट इज मिसिंग' असं वाक्य सापडतं, किंवा शून्य-शून्य किमतीचं अक्षर पहिल्याच ओळीत पहिल्याच जागी चालत नाही अशी तक्रार असते. हे वाचलं की शंका घ्यायचं कारण उरत नाही. बऱ्याचदा त्याच मजकुरात बिघडलेल्या फाइलीचा पूर्ण पत्ताही लिहिलेला असतो.

या नोंदी बघायच्या कुठे? स्टार्टमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' शोधा, त्यात 'विंडोज लॉग्ज' आणि त्याखाली 'ॲप्लिकेशन' उघडा. प्रोग्राम कोसळला त्या वेळेची लाल खूण असलेली ओळ शोधा. १००० क्रमांकाची नोंद म्हणजे प्रोग्राम कोसळला, १००२ म्हणजे तो अडकून पडला आणि विंडोजने तो बंद झाल्याचं नोंदवलं, १०२६ म्हणजे डॉटनेटचा प्रोग्राम न सांभाळलेल्या चुकीने थांबला. एवढ्या ओळी बघून गोंधळायला होत असेल, तर 'रिलायबिलिटी मॉनिटर' बघा. तिथे हेच दिवसवार आणि सुटसुटीत दिसतं, आणि लाइट गेल्याचा दिवस कोसळण्याच्या दिवसाशी जुळतो का हेही लगेच कळतं.

१००० च्या नोंदीत 'फॉल्टिंग मॉड्यूल नेम', म्हणजे ज्या फाइलीत प्रोग्राम कोसळला तिचं नाव असतं. तिथे 'एनटीडीएलएल' किंवा 'कर्नलबेस' दिसलं की लोक घाबरून अख्खं विंडोज नव्याने टाकायला काढतात. कृपा करून तसं करू नका. ती दोन नावं विंडोजच्याच फाइलींची, म्हणजे प्रोग्राम कुठे येऊन पडला ती जागा. धक्का कुणी दिला ते त्यावरून कळत नाही. 'एक्सेप्शन कोड' ०एक्ससी००००००५ दिसला तरी त्याचा अर्थ एवढाच की प्रोग्रामने त्याच्या हक्काची नसलेली मेमरी वापरायचा प्रयत्न केला. प्रोग्राम आणि प्रोफाइल दोन्हींच्या बिघाडात तो येऊ शकतो.

काही खुणा मात्र स्पष्टपणे प्रोग्रामच्या बाजूच्या आहेत. अमुक डीएलएल सापडली नाही अशी चौकट, विशेषतः 'व्हीसीरनटाइम१४०' किंवा 'एमएसव्हीसीपी१४०' या नावांची. कोड ०एक्ससी००००१३५, म्हणजे लागणारी डीएलएलच नाही. कोड ०एक्ससी०००००७बी, जो बहुतेक वेळा ३२ बिट आणि ६४ बिट यांची सरमिसळ झाल्यावर येतो. इथे प्रोफाइल वाचायची वेळच आलेली नसते. प्रोग्राम उभा राहण्याआधीच अडतो. अशा वेळी मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून 'व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल' (याच डीएलएलचा संच) उतरवून टाकणं हा सरळ उपाय. ६४ बिट विंडोजवर ३२ बिट आणि ६४ बिट दोन्ही टाका, कारण ३२ बिट प्रोग्रामला ३२ बिटचीच लागते. सुट्या डीएलएल देणाऱ्या कुठल्याही साइटवरून फाइल उचलून आणू नका, व्हायरस घरात यायचा तो रस्ता आहे.

जुनं विंडोज हेही प्रोग्रामच्या बाजूचंच कारण. विंडोज ७ वर अजून चालणारे कॉम्प्युटर गावोगावी दिसतात. लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस-संचाने २५.८ या आवृत्तीपासून विंडोज ७ आणि ८ सोडून दिलं, फायरफॉक्स ब्राउझरची ११५ ही विंडोज ७ साठीची शेवटची शाखा. नवी आवृत्ती तिथे टाकायला जाल तर अडणारच. तिथे प्रोफाइल कितीही साफ केली तरी उपयोग नाही. अँटिव्हायरसने एखादी फाइल संशयाने उचलून 'क्वारंटाइन'मध्ये, म्हणजे कोंडून, ठेवलेली असणं हेही याच गटातलं. त्याची यादी एकदा उघडून बघावी.

निवाडा करणारी चाचणी

नोंदी वाचायला जमत नसेल तरी एक चाचणी कुणालाही करता येते, आणि माझ्या मते तीच पहिली करावी. विंडोजच्या सेटिंगमधून एक नवीन युजर तयार करा, त्यात लॉगिन करा आणि तोच प्रोग्राम उघडा. प्रोग्रामच्या फाइली दोन्ही युजरना त्याच, प्रोफाइल मात्र नवी कोरी. तिथे प्रोग्राम उघडला तर दोष तुमच्या प्रोफाइलमध्ये आहे. तिथेही कोसळला तर प्रोग्राम, त्याला लागणाऱ्या डीएलएल किंवा ग्राफिक्स ड्रायव्हर (पडद्यावरचं चित्र सांभाळणारा प्रोग्राम) बघायचा. अपवाद दोनच लक्षात ठेवा: काही प्रोग्राम सगळ्या युजरची मिळून सेटिंग्ज 'प्रोग्रामडेटा' या फोल्डरात ठेवतात, आणि काही प्रत्येक युजरसाठी वेगळे इन्स्टॉल होतात. त्यांच्यासाठी ही चाचणी फसवी ठरते.

मोठ्या प्रोग्रामांमध्ये याचा छोटा मार्ग दिलेलाच असतो. फायरफॉक्स उघडताना शिफ्ट दाबून ठेवलं की तो 'ट्रबलशूट मोड'मध्ये, एक्स्टेंशन बाजूला ठेवून उघडायचं विचारतो. लिब्रेऑफिसला 'सेफ मोड' आहे, स्टार्ट मेन्यूत त्याचा वेगळा आयकॉनही असतो. सेफ मोडमध्ये उघडतं पण एरवी कोसळतं, असं असेल तर निकाल लागला. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलेल्या ॲपसाठी सेटिंगमध्ये 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'खाली 'रिपेअर' आणि 'रीसेट' अशी दोन बटणं असतात. रिपेअर तुमच्या डेटाला हात लावत नाही, रीसेट तो पुसतं. क्रमही तोच ठेवावा.

प्रोफाइल दुरुस्त करताना

इथे मला पोटतिडकीने एकच सांगायचंय: प्रोफाइल डिलीट करू नका, तिचं नाव बदला. ईमेलचा थंडरबर्ड वापरत असाल आणि मेल पॉप पद्धतीने, म्हणजे सर्व्हरवरून कॉम्प्युटरवर उतरवून, येत असेल, तर तुमची सगळी पत्रं त्याच प्रोफाइलमध्ये असतात, सर्व्हरवर असतीलच असं नाही. फायरफॉक्सचे बुकमार्क आणि साठवलेले पासवर्डही तिथेच. पतपेढीशी चाललेला पत्रव्यवहार किंवा परगावच्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी त्यात असतील, तर एका डिलीटने हंगामभराचं काम जाईल.

पद्धत अशी. आधी टास्क मॅनेजरमध्ये बघून प्रोग्राम खरंच बंद आहे याची खात्री करा. लिब्रेऑफिस खिडकी गेल्यावरही 'एसऑफिस डॉट बिन' नावाने मागे चालू राहू शकतं. मग विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत ॲपडेटा हा इंग्रजी शब्द दोन टक्के-चिन्हांच्या मध्ये टाइप करा आणि एंटर मारा. थेट 'रोमिंग' उघडतं. लिब्रेऑफिससाठी त्यात 'लिब्रेऑफिस', मग '४', मग 'युजर'. आवृत्ती ७ असो वा २५, त्या फोल्डराचं नाव ४ च आहे, ते बघून गोंधळू नका. 'युजर'चं नाव बदलून 'युजर-जुनं' करा आणि प्रोग्राम उघडा. तो स्वतःच नवी प्रोफाइल बनवतो. लिनक्सवर हेच घर-फोल्डरातल्या लपवलेल्या 'डॉट कॉन्फिग'मध्ये सापडतं, कंट्रोल आणि एच दाबल्यावर दिसतं.

उघडलं की जुन्यातलं हवं तेवढं परत आणायचं, एका वेळी एक. 'वर्डबुक' फोल्डरात तुम्ही शब्दकोशात भरलेली गावांची, आडनावांची, माशांची नावं असतात. 'ऑटोकॉर'मध्ये तुमच्या ऑटोकरेक्टच्या जोड्या, 'टेम्प्लेट'मध्ये बिलाचे आणि पावतीचे नमुने. प्रत्येक फोल्डर आणल्यावर प्रोग्राम एकदा बंद करून उघडून बघा, म्हणजे एखाद्यातच दोष असेल तर तो लगेच उघडा पडतो. 'रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स' ही फाइल मात्र परत आणू नका. सगळी सेटिंग्ज तीत असतात आणि लाइट गेल्यावर सर्वात आधी बिघडते ती बहुधा हीच. फॉन्ट, कागदाचा आकार आणि प्रिंटर हाताने पुन्हा निवडा.