फुलण्यासाठी हवी अखंड रात्र

ख्रिसमस कॅक्टसला कळ्या येत नसतील तर त्याचं पाणी तोडा, झाड घाबरलं की फुलतं, असा सल्ला दर हिवाळ्यात फिरू लागतो. पाणी तोडलं की त्याची पेरं, म्हणजे एकापुढे एक जोडलेले चपटे हिरवे तुकडे, सुरकुततात, बारीक मुळं वाळतात, फुलं मात्र येतातच असं नाही. ज्यांच्याकडे ती येतात, त्यांच्याकडे बहुधा कारण वेगळंच असतं: कुंडी ठेवलेल्या खोलीत रात्री कुणी दिवा लावत नाही.

नावात कॅक्टस असला तरी वाळवंटाशी या झाडाचं काही नातं नाही. श्लम्बर्जेरा ही त्याची प्रजाती. ती मूळची आग्नेय ब्राझीलच्या किनारी डोंगरांतली. तिथल्या दमट जंगलात ती झाडांच्या फांद्यांवर आणि खडकांच्या कपारीत वाढते. आधार देणाऱ्या झाडाचा रस ती शोषत नाही, बेचक्यात साठलेल्या पालापाचोळ्यावर तिचं भागतं. म्हणूनच कुंडीत चिकट माती नको, सालीचे तुकडे आणि कोकोपीट घातलेलं भुसभुशीत मिश्रण हवं. वरचा थर सुकला की भरपूर पाणी द्यावं आणि बशीत साचलेलं ओतून टाकावं. थेट कडक उन्हात पेरं लालसर पडतात. खिडकीजवळचा उजेड पुरेसा होतो.

आपण ज्यांना पानं म्हणतो ती पानं नाहीतच, ते चपटं झालेलं हिरवं खोड आहे. शेवटच्या पेराचं टोक भिंगाखाली धरून पाहा. तिथे बारीक लवेचा एक ठिपका दिसतो. त्या एकाच ठिपक्यातून नवं पेर निघू शकतं किंवा कळी. चपटं, कडेला दातेरी काही डोकावलं तर ते पेर, गोल आणि टोकदार गुलाबी थेंब दिसला तर कळी. यातलं काय निघणार, हे मुख्यतः रात्रीच्या लांबीवर ठरतं.

दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी संबंध आहे, हे गार्नर आणि अलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून 1920 मध्ये मांडलं. दिवस आखूड झाल्यावर फुलणाऱ्या झाडांना तेव्हापासून ‘शॉर्ट-डे’ झाडं म्हणतात, ख्रिसमस कॅक्टस त्यांतलाच. पण 1938 मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी झँथियम या तणावर एक सुंदर प्रयोग केला. दिवसाच्या मध्ये थोडा अंधार केला, तर काही फरक पडला नाही. लांब रात्रीच्या मध्ये थोडा वेळ दिवा लावला, तर झाड फुललंच नाही. म्हणजे झाड दिवस मोजत नव्हतं, सलग अंधार मोजत होतं.

हा अंधार झाडाला कळतो फायटोक्रोम नावाच्या प्रथिनामुळे. त्याची दोन रूपं आहेत. पहिलं रूप सुमारे 660 नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश शोषून दुसरं होतं. दुसरं रूप सुमारे 730 नॅनोमीटरचा अतिलाल, म्हणजे लालच्याही पलीकडचा, प्रकाश शोषून पुन्हा पहिलं होतं. उन्हात दुसऱ्या रूपाचा साठा मोठा असतो. अंधारात तो हळूहळू ओसरतो. शॉर्ट-डे झाडांत हेच दुसरं रूप रात्रीच्या नेमक्या वेळी हजर असलं तर फुलणं रोखून धरतं. मध्यरात्री लाल झोत टाकला की फुलं रद्द, त्यानंतर लगेच अतिलाल टाकला की रद्द केलेलं पुन्हा मंजूर! एकामागून एक झोत टाकत गेलं, तर शेवटचा झोत कोणता, त्यावर निकाल लागतो. मला जीवशास्त्रातल्या सगळ्या प्रयोगांत हा सर्वांत लखलखीत वाटतो. अर्थात हे नुसतं वाळूचं घड्याळ नाही. झाडाचं स्वतःचं सुमारे 24 तासांचं अंतर्गत घड्याळ त्या साठ्याकडे कधी लक्ष द्यायचं ते ठरवतं. दोघांचा मेळ बसला की फुलण्याचा निरोप टोकाकडे जातो.

तेव्हा साधारण सहा आठवडे रोज 12 ते 14 तासांचा सलग काळोख द्या, आणि दिवसा चांगला उजेड. झाड कपाटात कोंडून ठेवायचं नाही. रात्री मध्येच दिवा लावावा लागत असेल तर कुंडीवर जाड खोकं पालथं घाला. तापमानही महत्त्वाचं. 15 ते 20 अंश सेल्सिअस उत्तम, त्याहून बरीच थंडी असेल तर दिवस मोठा असूनही कळ्या धरतात, आणि उबदार रात्री लांब असूनही वाया जातात. दक्षिण गोलार्धात हे झाड मे महिन्याच्या सुमारास फुलतं, कारण तिथे रात्री तेव्हा वाढत असतात. सणाची चाहूल त्याला लागत नाही.

या झाडाबद्दल आणखी एक दावा होतो, की ते रात्री ऑक्सिजन सोडतं, म्हणून उशाशी ठेवावं. ते रात्री रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतं आणि आम्लाच्या रूपात साठवतं, हे खरं. पण ऑक्सिजन निघतो तो पाण्याच्या विघटनातून, आणि त्याला उजेडच लागतो. हा दावा निव्वळ थाप आहे.

कळ्या आल्यावर कुंडी जागची हलवू नका, माती पूर्ण वाळू देऊ नका. पिकणाऱ्या फळांपासूनही ती लांब असू द्या. फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूला ही झाडं फार संवेदनशील असतात आणि कळ्या टपाटप गळतात.

बहर ओसरल्यावर प्रत्येक फांदीचं टोकाचं एखाद-दुसरं पेर पिरगळून काढा. तिथून बहुतेक वेळा एकाऐवजी दोन पेरं फुटतात, आणि कळ्या टोकांनाच येत असल्यामुळे पुढचा बहर दाट होतो. काढलेली पेरं दोन-तीनच्या जुडग्यात असतील तर जखम सुकेपर्यंत सावलीत ठेवून ओलसर मिश्रणात खोचा, त्यांनाही मुळं फुटतात.