साध्या कॅमेऱ्याने आकाशचित्रण

दुर्बीण न वापरता, नेहमीचा कॅमेरा व लेन्स ट्रायपॉडवर लावून तारे, नक्षत्रे आणि आकाशगंगेचा पट्टा टिपण्याची पद्धत. दुर्बिणीतून होणाऱ्या छायाचित्रणापेक्षा ती हलकी समजली जाते, पण ते खरे नाही. १८८२ साली दक्षिण आफ्रिकेतील केप वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड गिल यांनी त्या वर्षीचा महाधूमकेतू टिपला तो व्यक्तिचित्रांसाठीच्या लेन्सने. कॅमेरा दुर्बिणीला नुसता बांधला होता. छायाचित्राच्या काचेवर (तेव्हा फिल्मऐवजी काच वापरत) धूमकेतूबरोबर इतके तारे उमटले, की छायाचित्रांवरून दक्षिण आकाशाची तारकासूची करण्याचे काम त्यातूनच उभे राहिले. पुढे अमेरिकेतील लिक वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ ई. ई. बर्नार्ड यांनी १८८९ पासून आकाशगंगेची चित्रे घेतली, तीही व्यक्तिचित्रांच्याच लेन्सने.

खरी अडचण अंधाराची नसून पृथ्वीच्या फिरण्याची आहे. आकाश तासाला १५ अंश सरकते, त्यामुळे शटर जास्त वेळ उघडे राहिले की ताऱ्याचा ठिपका न उमटता रेघ उमटते. ५०० ला लेन्सच्या नाभीय अंतराने भागावे आणि तितके सेकंद एक्स्पोजर द्यावे, म्हणजे शटर उघडे ठेवावे, असा एक प्रचलित नियम आहे; ५० मिमी लेन्सला १० सेकंद. तो फारच सैल आहे. ४ मायक्रॉन पिक्सेलच्या सेन्सरवर एवढ्या वेळात मृगाच्या पोटातील बाणाचे तारे सुमारे ९ पिक्सेल सरकतात, कारण ते खगोलीय विषुववृत्ताला (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातील रेषेला) लागून आहेत आणि तिथे तारे सर्वांत वेगाने सरकतात. ध्रुवाजवळचे तारे त्या मानाने जागचे हलत नाहीत. म्हणून ५०० ऐवजी २०० धरलेले बरे.

लेन्स निवडताना एफ-क्रमांकाइतकेच (नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास) प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राच्या प्रत्यक्ष व्यासाकडे पाहावे लागते. कॅमेऱ्याबरोबर येणारी झूम लेन्स १८ मिमी, एफ/३.५ वर असताना ते छिद्र जेमतेम ५ मिमीचे असते. ५० मिमीची स्वस्त लेन्स एफ/२ वर ठेवली तर २५ मिमीचे. एकेका ताऱ्याचा प्रकाश सुमारे २५ पट अधिक मिळतो, अर्थात आकाशाचा तुकडा लहान होतो. फोकस हाताने करावा: तेजस्वी तारा स्क्रीनवर मोठा करून पाहायचा आणि ठिपका सर्वांत लहान होईल तिथे थांबायचे. लेन्सवरच्या ‘अनंत’ खुणेवर विसंबून रात्र वाया घालवलेले पुष्कळ आहेत. चित्रे रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, घ्यावीत. एकाच भागाची १६ चित्रे संगणकावर एकमेकांवर बसवली (स्टॅकिंग), तर चित्रातला रवाळपणा एका चित्राच्या चौथाईवर येतो.

याहून लांब एक्स्पोजर हवे असेल तर बिजागरीचा जुगाड आहे. स्कॉटलंडच्या जॉर्ज हेग यांनी १९७५ मध्ये तो प्रसिद्ध केला, म्हणून त्याला ‘स्कॉच माउंट’ असेही म्हणतात. दोन फळ्या बिजागरीने जोडायच्या, बिजागरीपासून सुमारे २२९ मिमीवर १ मिमी आट्याचा (एका फेऱ्यात १ मिमी सरकणारा) स्क्रू बसवायचा आणि तो मिनिटाला एक फेरा या गतीने फिरवायचा. वरची फळी उघडत जाते आणि तिच्यावरचा कॅमेरा ताऱ्यांच्या चालीने फिरतो. बिजागरीचा आस मात्र उत्तर ध्रुवबिंदूकडे, म्हणजे आकाश ज्या बिंदूभोवती फिरताना दिसते तिकडे, असला पाहिजे. ध्रुवबिंदूची उंची स्थळाच्या अक्षांशाइतकी असते: स्कॉटलंडमध्ये सुमारे ५६ अंश, पुण्यात १८.५. सह्याद्रीच्या दरीत उभे राहिले तर ध्रुवतारा डोंगराआडच जातो.

या कमी अक्षांशाचा फायदा दक्षिणेकडे मिळतो. आकाशगंगेचे केंद्र धनू राशीत आहे. पुण्यातून ते ४२ अंशांपर्यंत चढते, स्कॉटलंडमधून फक्त ५. पण ते मध्यरात्री सर्वांत उंच येते ते जूनच्या शेवटी, म्हणजे ऐन पावसाळ्यात. त्यामुळे महाराष्ट्रात फेब्रुवारी-मार्चच्या पहाटा आणि एप्रिल-मेच्या उत्तररात्री, त्याही अमावास्येच्या आसपासच्या, एवढाच काय तो हंगाम. हिवाळ्यातल्या आकाशात मृग, कृत्तिका आणि अगस्त्य मिळतात, मात्र दव पडून लेन्सवर बाष्प धरते.

शहराचा उजेड कोणत्याही सेटिंगने जात नाही. त्यासाठी प्रवासच करावा लागतो. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ (रात्रीचा अंधार जपलेले क्षेत्र) म्हणून मान्यता मिळाली. लडाखमधील हानले येथील असेच राखीव क्षेत्र त्याआधीचे आहे.