कोलंबीची भजी (नाशिक)

सोललेली कोलंबी कांदा, बेसन आणि तांदळाच्या पिठात कालवून तेलात तळली की कोलंबीची भजी होतात. ताज्या कोलंबीऐवजी सुकवलेला जवळा घातला तर त्यांना सुकटीची भजी म्हणतात. पदार्थ मूळचा किनाऱ्यावरचा, पण सह्याद्रीच्या अलीकडे वसलेल्या नाशकातही मासे खाणाऱ्या घरांत तो रविवारी, पावसाळी संध्याकाळी किंवा पाहुणे आल्यावर केला जातो. किनाऱ्यावरच्या गावात सकाळची कोलंबी दुपारी कढईत पडते. नाशकात ती बर्फातून येते आणि बर्फातून आलेली कोलंबी पाणी सोडते. मिश्रण सैल पडते, भजी मऊ होतात, तेल पितात, या घरोघरच्या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा या पाण्यात असते. त्यामुळे या नोंदीत मसाल्यापेक्षा पाण्याबद्दल जास्त लिहिले आहे.

माल आणि मोसम

नाशकात समुद्री कोलंबी मुख्यतः दोन वाटांनी येते. एक वाट मुंबईची: ससून डॉक (ही गोदी १८७५ साली सुरू झाली) आणि भाऊचा धक्का इथला माल कसारा घाट चढून साधारण १६५ किलोमीटरचा प्रवास करून येतो. दुसरी पालघर जिल्ह्यातून, डहाणू-सातपाटीकडून जव्हार, मोखाडा, त्र्यंबकेश्वरमार्गे. नाशिकची कोथिंबीर, मेथी, टोमॅटो घेऊन घाट उतरणाऱ्या गाड्या आणि मासळी घेऊन चढणाऱ्या गाड्या एकाच रस्त्याने जातात-येतात. थर्माकोलच्या पेटीत एक थर बर्फाचा, एक थर कोलंबीचा असा माल भरलेला असतो. बर्फ वितळत जातो तशी कोलंबी त्या पाण्यात राहते आणि थोडे पाणी तिच्या अंगात मुरते.

राज्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. बंदी उठते तेव्हा श्रावण लागलेला असतो किंवा तोंडावर आलेला असतो. ज्या घरांत श्रावण पाळतात, तिथे नव्या हंगामाची समुद्री कोलंबी प्रत्यक्षात गणपती झाल्यावर, काही घरांत तर पितृपंधरवडा आणि नवरात्र उलटल्यावरच शिजते. त्याआधी आषाढाच्या शेवटच्या दिवसांत मागणी शिगेला पोचते, पण तेव्हा समुद्र बंद. ही गरज तळ्यात वाढवलेली कोलंबी भागवते. बाजारात तिला वनामी म्हणतात. ही जात मूळची अमेरिका खंडांच्या पॅसिफिक किनाऱ्याची, आणि भारतात तिच्या व्यापारी संवर्धनाला २००९ साली परवानगी मिळाली. रस्स्यासाठी वनामी समुद्री कोलंबीची बरोबरी करत नाही. भज्यांत मात्र ती चांगली चालते, कारण आकार सारखा असतो आणि सगळे तुकडे एकाच वेळी शिजतात.

निवड आणि सोलणे

भज्यांसाठी लहान किंवा मध्यम कोलंबी घ्यावी. मोठी घेऊन तिचे तुकडे करणे म्हणजे पैसे वाया घालवणे. ती तव्यावर रवा लावून तळावी. डोके धडाला घट्ट चिकटलेले, कवच चकचकीत आणि वास फक्त खाऱ्या पाण्याचा असावा. डोके लोंबत असेल किंवा अमोनियासारखा उग्र दर्प येत असेल तर घेऊ नये. कवचाच्या सांध्यांवर काळे डाग असले म्हणजे माल खराबच झाला असे नाही, पण पकडल्याला वेळ झाला आहे हे नक्की.

घरी आणल्यावर आधी डोकी काढावीत, बाकीचे सोलणे नंतर केले तरी चालते. पाचक ग्रंथी डोक्याकडच्या भागात असते, तिच्यातली विकरे कोलंबी मेल्यानंतरही काम करत राहतात आणि मांस भुसभुशीत करतात. मग कवच काढून पाठीवर सुरीच्या टोकाने उभी चीर द्यावी आणि काळा दोरा ओढून काढावा. तो कोलंबीचे आतडे असते. राहिला तर दाताखाली वाळू कचकचते. एक किलो अख्खी कोलंबी सोलून साधारण निम्मी भरते. डोकी आणि कवचे टाकू नयेत. थोड्या तेलावर लसणाबरोबर परतून, पाणी घालून उकळली की रस्स्याला उत्तम पाणी मिळते.

पाणी काढणे

कोलंबी सोलल्यावर एकदाच, भराभर धुवावी. धुतलेल्या कोलंबीला मीठ आणि हळद चोळून पंधरा-वीस मिनिटे चाळणीत, खाली ताट ठेवून निथळू द्यावी. मीठ पाणी ओढून बाहेर काढते. ताटात गढूळसर, पिवळे पाणी जमलेले दिसते. ते फेकून द्यावे, त्यात पीठ भिजवण्याचा मोह टाळावा, कारण बर्फाच्या प्रवासातला सगळा वास त्यातच उतरलेला असतो. मग कोलंबी स्वच्छ सुती कापडावर पसरून वरून दुसरे कापड दाबावे. हाताला चिकट लागली पण बोटांवर पाणी उतरले नाही, म्हणजे ती तयार. लिंबू या टप्प्यावर लावू नये. आंबटाने मांस आवळते आणि पुन्हा पाणी सुटते; लिंबू पानातच पिळावे.

गोठवलेल्या कोलंबीचे पाकीट आणले असेल तर प्रत्येक कोलंबीवर बर्फाचे पातळ कवच असते. ते रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, चाळणीत ठेवून सुटू द्यावे. घाईने कोमट पाण्यात टाकलेली कोलंबी बाहेरून नरम आणि आतून गोठलेली राहते, आणि ते आतले पाणी ऐन तेलात बाहेर येते.

पाण्याचा दुसरा स्रोत कांदा. लासलगावच्या बाजारामुळे प्रसिद्ध झालेल्या या जिल्ह्यात कांद्याची निवड करण्याची चैन घरोघर परवडते. उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो आणि चाळीत महिनोन्‌महिने टिकतो. तो घट्ट, कमी पाण्याचा आणि भज्यांना सर्वांत चांगला. खरिपाचा लाल कांदा रसाळ असतो, तो वापरायचा तर उभा पातळ चिरून दहा मिनिटे ताटात उघडा पसरावा.

मिश्रण

पाव किलो सोललेल्या कोलंबीला दोन मध्यम कांदे, एक वाटी बेसन, दोन मोठे चमचे तांदळाचे पीठ, चार-पाच हिरव्या मिरच्या, सात-आठ लसूण पाकळ्या, इंचभर आले, मूठभर कोथिंबीर, अर्धा चमचा ओवा, एक चमचा लाल तिखट आणि चिमूटभर हळद हे प्रमाण चार माणसांना पुरते. मिरची, लसूण आणि आले खलबत्त्यात ठेचावे. मिक्सरमध्ये पाणी घालून वाटले तर निथळवलेले पाणी मागच्या दाराने परत येते.

बेसन थोडे रवाळ दळून आणलेले बरे. ते रंग आणि खमंगपणा देते, पण एकटे वापरले तर भजी थंड होताच मऊ पडतात. तांदळाच्या पिठाने कडा कुरकुरीत राहतात. इगतपुरी-घोटीच्या भाताच्या पट्ट्यातला तांदूळ नाशकात सहज मिळतो, मात्र भज्यांच्या पिठासाठी चिकट इंद्रायणीपेक्षा सुटा कोलम घ्यावा.

सगळे कोरडेच एकत्र करून कांदा हलक्या हाताने चुरावा आणि मग कोलंबी घालावी. मीठ सर्वांत शेवटी, कढईतले तेल तापल्यावर, आणि कोलंबीला आधी लावलेले मीठ लक्षात घेऊन बेताने. मीठ पडले की पाच मिनिटांत कांदा आपले पाणी सोडू लागतो. बहुतेक वेळा पीठ तेवढ्यानेच धरते. नाही धरले तर वरून एखाद-दोन चमचे पाणी शिंपडावे. पीठ हे कोलंबी आणि कांद्याला चिकटून राहण्यापुरतेच हवे. मुठीत घेतलेला गोळा सैलसर पण सुटा न होणारा असला की पुरे. खाण्याचा सोडा घालू नये असे या नोंदीचे स्पष्ट मत आहे. सोड्यातून सुटणाऱ्या वायूने पिठात पोकळ्या होतात, त्यांत तेल शिरते आणि प्रमाण जरा चुकले की साबणासारखी चव येते. नाशिककडचा काळा मसालाही इथे नको. तो आधीच खरपूस भाजलेला असतो, तेलात करपतो आणि कोलंबीचा गोडवा झाकतो.

तळणे

लोखंडी कढईत शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे तेल चार बोटे तरी असावे. पिठाचा छोटा गोळा टाकला की तो तळाशी जाऊन लगेच बुडबुड्यांसह वर यावा. हे तापमान १७० ते १८० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तळाशी बसून राहिला तर तेल थंड आहे, पडताक्षणी काळवंडला तर फार तापले आहे. एका वेळी सहा-सात भजीच सोडावीत. जास्त सोडली की तेल थंडावते आणि भजी ते शोषतात.

सुरुवातीला फसफस मोठी आणि बुडबुडे दाट असतात, कारण आतले पाणी वाफ होऊन बाहेर पडत असते. वाफ बाहेर येत असते तोवर तेलाला आत फारसा शिरकाव मिळत नाही. तीन-चार मिनिटांत आवाज बारीक होतो, बुडबुडे विरळ होतात. त्या क्षणी झाऱ्यावर घेऊन तेल निथळावे. बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत ठेवलेली कोलंबी चिवट होते आणि त्यावर मग काही उपाय नाही. पिठाबाहेर डोकावणारी कोलंबी तोवर नारिंगी-गुलाबी झालेली असते. हा रंग अ‍ॅस्टाझॅन्थिन या रंगद्रव्याचा. कच्च्या कोलंबीत ते एका प्रथिनाशी बांधलेले असल्याने करडे-निळसर दिसते, उष्णतेने ते प्रथिन मोडते आणि खरा रंग उघडा पडतो.

सुकटीची भजी

घोटी, पेठ, हरसूल, सुरगाण्याकडच्या आठवडे बाजारांत सुक्या मासळीची वेगळी ओळ बसते: बोंबील, वाकट्या, सोडे आणि गुलाबीसर सुकटीचे ढीग. बर्फ आणि फ्रिज घरोघर येण्याआधी समुद्राची चव घाटावर पोचत होती ती याच वाटेने. सुकट म्हणजे वाळवलेला जवळा. हे कोलंबीचे पिल्लू नव्हे. जवळा ही दोन-तीन सेंटिमीटरच्या पुढे क्वचितच वाढणारी स्वतंत्र जात आहे.

सुकटीत अडचण वाळूची. एक वाटी सुकट सुपात किंवा बारीक चाळणीत घेऊन खाली कागद अंथरावा आणि हलक्या हाताने चोळावी. मिशा, डोक्यांचा भुगा आणि वाळू कागदावर पडते, क्वचित एखादा शिंपल्याचा तुकडाही. मग कोरड्या तव्यावर मंद आंचेवर दोन-तीन मिनिटे भाजावी. सुरुवातीचा उग्र वास जाऊन खमंग वास सुटला की उतरवावी, कोमट पाण्यात दोनदा खळबळून लगेच घट्ट पिळावी. भिजत ठेवली तर सगळी चव पाण्यात जाते. पुढची कृती ताज्या कोलंबीसारखीच, फक्त कांदा दुप्पट आणि मीठ चवीपुरतेही जपून, कारण समुद्राचा खारटपणा सुकटीत असतोच. स्वच्छ पिळलेल्या सुकटीची भजी नाशकात मिळणाऱ्या बर्फातल्या कोलंबीच्या भज्यांपेक्षा सरस होतात. ज्याला पाणी काढण्याची कटकट नको, त्याने इथूनच सुरुवात करावी.

इतर कवचधारी

तिसऱ्या आणि कालवे यांचीही किनाऱ्यावर भजी होतात, पण शिंपल्यातला जीव जिवंत असतानाच शिजवायला हवा, आणि नाशकापर्यंत तो तसा क्वचित पोचतो. गंगापूर, दारणा या धरणांच्या पाण्यातले बारीक झिंगे मिळाले तर अख्खेच पिठात घालता येतात. पावसाळ्यात इगतपुरी, त्र्यंबकेश्वरकडे मिळणाऱ्या खेकड्यांचा मात्र रस्साच करावा.

असे पदार्थ जगभर आहेत. बंगालमध्ये चिंगडीचा बडा, फिलिपिन्समध्ये उकोय, जपानमध्ये काकिआगे. स्पेनच्या कादिझ प्रांतातली बारीक कोलंबीची तोर्तियिता आपल्याला विशेष जवळची, कारण तिच्या पिठात गव्हाबरोबर हरभऱ्याचे पीठ घालतात.

ॲलर्जी आणि वापरलेले तेल

कोलंबीची ॲलर्जी बहुतेकांत ट्रोपोमायोसिन या प्रथिनामुळे होते. ते उष्णतेने नष्ट होत नाही, त्यामुळे कडक तळलेली भजीही सुरक्षित ठरत नाहीत. कोलंबी न सोसणाऱ्याला खेकडा आणि सुकटही बाधू शकते. ओठ सुजणे, अंगावर गांधी उठणे, श्वास अडकणे अशी लक्षणे दिसली तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठावा. त्याच तेलात तळलेली कांद्याची भजीही अशा माणसाला देऊ नयेत. ज्या घरात काही जण शाकाहारी आहेत किंवा वार पाळतात, तिथे मासळीची कढई आणि झारा वेगळा ठेवण्याची चाल आहे. ॲलर्जीच्या दृष्टीनेही ती योग्यच आहे.

भजी लिंबू, मीठ लावून तळलेली मिरची आणि थंडीत बाजरीच्या भाकरीबरोबर खातात. उरलेली पुन्हा तळू नयेत, कोलंबी चामट होते. दुसऱ्या दिवशी कवचांच्या पाण्यात काळ्या मसाल्याचा पातळ रस्सा करावा आणि वाढण्याच्या दोन मिनिटे आधी भजी त्यात सोडावीत.