होस्ट्स फाइल

होस्ट्स फाइल ही संगणकाच्या कार्यप्रणालीतील एक साधी मजकूर फाइल असून कोणत्या नावाचा संगणक कोणत्या आयपी पत्त्यावर (म्हणजे जाळ्यातील आकडी पत्त्यावर) आहे, हे तीत ओळीओळीने लिहिलेले असते. ब्राउझरमध्ये संकेतस्थळाचे नाव टाकले की संगणकाला आधी त्याचा आकडी पत्ता शोधावा लागतो. तो सहसा डीएनएस सर्व्हरकडून, म्हणजे नावांचे पत्ते सांगणाऱ्या जाळ्यावरील यंत्रणेकडून मिळतो. पण बहुतेक कार्यप्रणाली बाहेर विचारण्याआधी ही फाइल पाहतात आणि नाव तिथे सापडले तर पुढे चौकशी करत नाहीत. फाइलमधला पत्ता बरोबर आहे का, हे कोणीही तपासत नाही. तिचा उपयोग आणि तिचा धोका, दोन्हींचे मूळ इथेच आहे.

ही फाइल डीएनएसपेक्षा जुनी आहे. इंटरनेटचे पूर्वज असलेल्या अर्पानेट या जाळ्याच्या सुरुवातीच्या काळात प्रत्येक केंद्र जोडलेल्या संगणकांची यादी आपापली ठेवत असे आणि एकाची यादी दुसऱ्याशी जुळेलच असे नव्हते. सर्वांसाठी एकच अधिकृत, संगणकाला वाचता येईल अशी यादी असावी, ही मागणी पीटर डॉइच यांनी डिसेंबर १९७३ मध्ये आरएफसी ६०६ या क्रमांकित तांत्रिक टिपणात केली. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या नेटवर्क माहिती केंद्राने ती यादी सांभाळली. केंद्राच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर. नवा संगणक जोडला की केंद्राला कळवायचे, आणि इतरांनी ताजी यादी तिथून उतरवून घ्यायची, अशी पद्धत होती. जाळे लहान होते तोवर हे निभावले. पुढे यादी फुगत गेली, ती वारंवार उतरवण्याचा भार वाढला, नावे एकमेकांवर आदळू लागली आणि उतरवलेली प्रत बघता बघता शिळी होऊ लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आरएफसी ८८२ आणि ८८३ मधून डीएनएसची रचना मांडली आणि मध्यवर्ती यादी हळूहळू मागे पडली. प्रत्येक संगणकातली छोटी फाइल मात्र तशीच राहिली.

लिनक्स आणि मॅकमध्ये ती ‘ईटीसी’ फोल्डरमध्ये असते. विंडोजमध्ये सी ड्राइव्हवरील विंडोज, त्यात सिस्टिम ३२, त्यात ड्रायव्हर्स आणि त्यात ईटीसी अशी वाट आहे. फाइलच्या नावाला कोणतेही एक्स्टेन्शन, म्हणजे प्रकार सांगणारे शेपूट, नसते. नोटपॅडने जतन करताना मागे ‘डॉट टीएक्सटी’ चिकटले, तर बदल केल्यासारखा दिसतो पण लागू होत नाही. नवशिक्यांची ही नेहमीची अडचण. शिवाय नोटपॅड ‘अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून’ उघडावे लागते. लिनक्स व मॅकवर त्यासाठी ‘सुडो’ची, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवण्याची, परवानगी लागते.

ओळीत आधी आयपी पत्ता, मग मोकळी जागा किंवा टॅब, मग नाव असते. एका पत्त्यासमोर अनेक नावे चालतात. हॅश चिन्हापुढचा मजकूर टीप समजून सोडून दिला जातो. १२७.०.०.१ म्हणजे हाच संगणक, ज्याचे प्रचलित नाव लोकलहोस्ट. आयपी आवृत्ती ६ मध्ये त्यासाठी दोन अपूर्णविराम आणि १ असे लिहितात. पोर्ट क्रमांक, पूर्ण वेबपत्ता किंवा ‘या डोमेनची सगळी उपनावे’ असा सरसकट नियम या फाइलला कळत नाही. उपनावे एकेक करूनच लिहावी लागतात. फाइलमध्ये आकडे व नावे रोमनच हवीत. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘.भारत’ खालील देवनागरी नावांसाठी त्यांचे प्युनिकोड, म्हणजे रोमन अक्षरांत बदललेले, रूप द्यावे लागते, कारण ब्राउझर शोध घेण्याआधी नावाचे तेच रूप करून घेतो.

फाइलचा खरा फायदा वेबसाइट बांधणाऱ्यांना होतो. संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलवायचे असेल, तर डीएनएस न बदलता स्वतःच्या संगणकावर ते नाव नव्या पत्त्याला जोडून सगळे नीट चालते का ते पाहता येते. तोवर जगाला जुनेच स्थळ दिसत असते. चाचणीसाठी नवे नाव हवे असेल तर ‘.टेस्ट’ हे शेपूट सुरक्षित, कारण १९९९ च्या आरएफसी २६०६ ने ते त्यासाठीच राखून ठेवले आहे. पूर्वी अनेक जण ‘.डेव्ह’ वापरत. ते गूगलच्या ताब्यातले खरे डोमेन निघाले आणि २०१७ च्या अखेरीस क्रोमने त्यावर एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) सक्तीचे केल्यावर अनेकांची चाचणीस्थळे एकाएकी उघडेनाशी झाली.

बदल दिसला नाही तर संगणकाने लक्षात ठेवलेल्या डीएनएस उत्तरांची साठवण रिकामी करून ब्राउझर पुन्हा उघडावा. तपासणीसाठी ‘पिंग’ ही आज्ञा वापरावी. ‘एनएसलुकअप’ ही आज्ञा थेट डीएनएस सर्व्हरला विचारते आणि होस्ट्स फाइलकडे पाहत नाही, त्यामुळे त्याचे उत्तर इथे दिशाभूल करते. ब्राउझर कार्यालयाच्या प्रॉक्सीतून (मध्यस्थ सर्व्हरमधून) जात असेल तर नावाचा पत्ता प्रॉक्सीच शोधतो आणि आपली नोंद निरुपयोगी ठरते.

जाहिराती व माग काढणारे सर्व्हर ०.०.०.० या कुठेही न नेणाऱ्या पत्त्याला जोडून बंद करण्याची चाल लोकप्रिय आहे. त्यासाठी हजारो ओळींच्या तयार याद्या मिळतात. उपाय फुकट आहे, पण बोथट आहे. जाहिरात मूळ स्थळाच्याच नावावरून येत असेल तर ती अडत नाही, आणि एखादी ओळ जास्त झाली तर बँकेचे किंवा खरेदीचे पान अर्धवट उघडते व कारण सापडत नाही. मुलांसाठी स्थळे बंद करायला तर ही फाइल फारच कच्ची. अॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड माहीत असलेला कोणीही ती ओळ पुसू शकतो.

घातक सॉफ्टवेअरलाही हे दार ठाऊक आहे. २००४ च्या जानेवारीत पसरलेल्या मायडूम या घातक सॉफ्टवेअरच्या ‘बी’ प्रकाराने होस्ट्स फाइलमध्ये नोंदी घालून अँटिव्हायरस कंपन्यांची स्थळे अडवली होती, म्हणजे बाधित संगणकाला इलाजच मिळू नये. बँकेचे नाव भलत्याच सर्व्हरकडे वळवण्याचा प्रकारही याच मार्गाने होतो. मात्र बनावट सर्व्हरकडे त्या नावाचे ग्राह्य प्रमाणपत्र नसेल तर एचटीटीपीएसमुळे ब्राउझर इशारा देतो, आणि तो डावलून पुढे जाणाऱ्याला एचटीटीपीएसही वाचवू शकत नाही. विंडोज ७ पासून मूळ फाइलमधील सर्व ओळी हॅशने सुरू होतात, त्यामुळे बिनहॅशची ओळ दिसली तर ती नंतर कोणीतरी घातलेली असते. ती दर वेळी वाईटच असेल असे नाही. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची डॉकर डेस्कटॉपसारखी साधनेही आपल्या नोंदी तिथे ठेवतात.