सिकलसेल वेदनासंकट : मुलांवरील रुग्णालयीन उपचार

सिकलसेल आजारात विळ्यासारख्या वाकलेल्या लाल रक्तपेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि अचानक तीव्र वेदना उठते. हे वेदनासंकट. या आजाराच्या मुलांना रुग्णालयात दाखल करावे लागण्याचे ते सर्वांत मोठे कारण आहे.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. ऑक्सिजन सोडल्यावर असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याचे तंतू बनतात, पेशी ताठर होते आणि रक्तवाहिनीच्या भिंतीलाही चिकटते. रक्त न पोचलेल्या भागात, विशेषतः अस्थिमज्जेत, दाह सुरू होतो. गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन बाळाला सुरुवातीचे काही महिने सांभाळते. ते ओसरले की हातापायांचे पंजे सुजणे ही बरेचदा पहिली खूण ठरते. मोठ्या मुलांची पाठ, छाती, मांड्या आणि दंड ठणकतात. थंडी, अंगातले पाणी कमी होणे, जंतुसंसर्ग किंवा अतिश्रम यांचे निमित्त होते. पुष्कळदा कारण सापडतच नाही.

वेदनासंकट सिद्ध करणारी कोणतीही तपासणी नाही. हिमोग्लोबिन नेहमीइतकेच असते, एक्स-रे स्वच्छ येतो, नाडी आणि रक्तदाबही ठीक असू शकतात. लहानपणापासून दुखणे सोसलेले मूल मोबाइल बघत निपचित पडलेले असते आणि तरी त्याचे दुखणे दहापैकी नऊ असते. म्हणून मूल आणि त्याचे आईवडील सांगतात तेच प्रमाण मानायचे. साधारण आठ वर्षांपुढचे मूल आकड्यात सांगते, तीन-चार वर्षांचे चेहऱ्यांच्या चित्रांवर बोट ठेवते. न बोलणाऱ्या बाळाचा चेहरा, पायांची ताठरता, हालचाल, रडणे आणि जवळ घेतल्यावर शांत होणे न होणे, यांना गुण देतात.

उपचारात सर्वांत मोलाची गोष्ट वेळ. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१२ मध्ये रुग्ण आल्यापासून ३० मिनिटांत वेदनाशामक देण्यास सांगितले. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीच्या २०२० च्या मार्गदर्शनात ही मर्यादा एक तास आहे आणि दर ३० ते ६० मिनिटांनी वेदना पुन्हा मोजून मात्रा द्यायची आहे. प्रत्यक्षात गोची होते ती या दुसऱ्या भागात: पहिले इंजेक्शन मिळते, मग मूल तासन्‌तास कुणाची तरी वाट बघत राहते.

दुखणे मध्यम असेल तर पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन आणि गरजेनुसार तोंडाने मॉर्फिन पुरते; मूत्रपिंडाचा त्रास किंवा शरीरात पाणी कमी असल्यास आयबुप्रोफेन जपून. तीव्र वेदनेत शिरेतून मॉर्फिन देतात. सुरुवातीची मात्रा सहसा दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे वीस किलोच्या मुलाला २ मिलिग्रॅम. शीर सापडत नसेल तर नाकात फेंटानिलचा फवारा काही मिनिटांत गुण देतो आणि तोवर सलाईन लावता येते. पेथिडिन हे वेदनाशामक टाळावे, कारण त्याचा अवशेष साचून झटके येऊ शकतात.

वॉर्डात साधारण सहा वर्षांपुढच्या मुलांना मॉर्फिनचा बटणाचा पंप देतात. बटण दाबले की ठरलेली मात्रा जाते, त्यानंतर काही मिनिटे पंप बंद राहतो. बटण मुलानेच दाबायचे, मायेपोटी आईनेसुद्धा नाही. गुंगी चढलेले मूल आपणहून दाबत नाही आणि त्यातच सुरक्षितता आहे. श्वासाची गती, शुद्ध आणि ऑक्सिजनची पातळी यांवर लक्ष ठेवावे लागते, मॉर्फिनवर उतारा असलेले नॅलोक्सोन हाताशी लागते. बद्धकोष्ठतेसाठी सुरुवातीपासून औषध द्यावे. व्यसन लागेल या भीतीने मात्रा तोडणे हा मुलावर अन्याय आहे.

सलाईन गरजेपुरतेच हवे, जास्त झाल्यास फुप्फुसांत पाणी साठते. ऑक्सिजन पातळी घसरली असेल तरच द्यावा. निव्वळ दुखण्यासाठी रक्त चढवत नाहीत आणि स्टेरॉइडही देत नाहीत. गरम शेक चालतो, बर्फ नको. छाती किंवा पाठ दुखत असलेले मूल वेदनेमुळे उथळ श्वास घेते, म्हणून जागेपणी दर दोन तासांनी स्पायरोमीटरवर (श्वासाच्या व्यायामाचे उपकरण) दहा दीर्घ श्वास घ्यायला लावतात. या साध्या व्यायामाने फुप्फुसांची गुंतागुंत कमी होते.

ताप, खोकला, धाप किंवा घसरता ऑक्सिजन दिसल्यास छातीचा एक्स-रे काढतात, कारण अक्यूट चेस्ट सिंड्रोम, म्हणजे या आजारातली फुप्फुसांची गंभीर गुंतागुंत, जिवावर बेतू शकतो. ताप असल्यास रक्ताचा कल्चर (रक्तात जंतू आहेत का याची तपासणी) घेऊन प्रतिजैविक लगेच सुरू करतात. एकाएकी फिकटपणा आणि वाढलेली पाणथरी, एका बाजूची कमजोरी, किंवा मुलग्यांत लिंगाचा न ओसरणारा ताठरपणा यांना तातडीने वेगळे उपचार लागतात.

तोंडी औषधांवर दुखणे आटोक्यात राहते, मूल खाते-पिते आणि चालते, तेव्हा घरी सोडतात. सोबत त्या मुलाला कोणते औषध किती मात्रेत लागू पडले याची लेखी नोंद द्यावी. पुढच्या वेळी रात्रपाळीच्या अनोळखी डॉक्टरला ती दाखवता येते. हायड्रॉक्सियुरिया हे रोजचे प्रतिबंधक औषध चालू नसेल तर ते सुरू करण्याचा विचार याच भेटीत होतो. नियमित घेतल्यास संकटांची वारंवारता घटते.